चिनी ब्राँझ आणि आपलं अचौर्य व्रत



पूर्वी आपल्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये चांदीचा हत्ती असायचा, चंदनाचा पंखा असायचा, श्रवणबेळगोळहून आणलेली बाहुबलींची लहानशी प्रतिकृती असायची. आता काही घरांमध्ये त्यांच्या शेजारी हिरवट-काळपट धातूचं तीन पायांचं भांडं दिसतं, किंवा सोन्याचा मुलामा उडालेली बुद्धमूर्ती. मुलं सिंगापूरला, हाँगकाँगला, लंडनला असतात. तिकडच्या दुकानातून किंवा फोनवरच्या लिलावातून वस्तू येते. पाहुणे आले की यजमानीण हळूच सांगते, "चायनीज अँटिक आहे, तीन हजार वर्षांपूर्वीचं." मग किंमतही सांगते, त्याहून हळू आवाजात.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. चिनी ब्राँझ जरूर पाहावं, त्याच्याविषयी वाचावं, मुलांना दाखवावं. आवडलं तर नवी प्रतिकृती नवी म्हणून, नव्याच्या भावात घ्यावी. पण प्राचीन म्हणून विकली जाणारी, कुठून आली याचा कागद नसलेली वस्तू श्राविकेने घरात आणू नये. ती चीनची आहे किंवा दुसऱ्या धर्माची आहे म्हणून मी हे म्हणत नाही. आपण घेतलेल्या व्रतांमुळे म्हणते.

आधी ही भांडी आहेत तरी काय, ते पाहू. सगळ्यात नावाजलेली भांडी शांग आणि झोऊ राजवंशांच्या काळातली. शांगांचा काळ सुमारे इ.स.पू. १६०० ते १०४६, त्यानंतर झोऊ. तांबं, कथील आणि थोडं शिसं असा हा धातू. आपल्याकडच्या धातुमूर्ती पूर्वीपासून मेणाचा साचा करून, मेण वितळवून ओतत. चीनच्या त्या कारागिरांनी मातीच्या साच्याचे तुकडे केले, नक्षी त्या तुकड्यांवरच कोरली, तुकडे जुळवले आणि मग रस ओतला. म्हणून खऱ्या जुन्या भांड्यावर साचे जुळवल्याच्या बारीक रेषा कधी कधी सापडतात. नक्षीत दोन मोठे डोळे रोखून पाहणारा एक चेहरा वारंवार येतो. त्याला ताओतिए म्हणतात.

प्रत्येक भांड्याचं काम ठरलेलं होतं. डिंग म्हणजे तीन किंवा चार पायांचं पातेलं. ग्वेई हे शिजवलेल्या धान्याचं भांडं. ज्वे हा तीन पायांचा, चोच असलेला मद्याचा पेला. ही रोजच्या स्वयंपाकाची भांडी नव्हती. पितरांना नैवेद्य दाखवण्यासाठी ती वापरत आणि त्यांतली कितीतरी मृतांबरोबर पुरली जात. झोऊ काळातल्या अनेक भांड्यांच्या आत अक्षरं आहेत. कुणी, कुणासाठी आणि कोणत्या निमित्ताने हे करवलं ते लिहिलेलं असतं, आणि शेवटी बहुतेक वेळा एकच इच्छा असते, की मुला-नातवंडांनी हे कायम जपावं आणि वापरावं. मला हे वाचून आपल्या आज्यांची आठवण होते. त्याही पितळी पातेल्यावर नाव आणि साल घालून घेत.

आपल्याला हेही माहीत असायला हवं की डिंगमध्ये मांस शिजत होतं आणि ज्वेमध्ये मद्य असायचं. शांगांच्या विधींमध्ये पशुबळी होते, नरबळीही होते. आन्यांग इथे १९७६ साली राणी फू हाओची कबर सापडली. तिथे तिच्याबरोबर सोळा माणसं आणि सहा कुत्री पुरलेली होती. मी कारागिराला दोष देत नाही. त्या काळाला आजच्या नजरेने झोडपण्यात शहाणपणही नाही. पण मांसाच्या नैवेद्याचं पातेलं हौसेने आणून त्यात कापराच्या वड्या किंवा सुकी फुलं ठेवायची आणि तेच घर चातुर्मासात कंदमुळं वर्ज्य करतं, याचा विचार निदान एकदा तरी व्हावा. वस्तू कशासाठी घडली हे माहीत करून न घेता ती सजावटीला ठेवणं हे अज्ञान झालं, आणि अज्ञानाला आपल्याकडे कधी गुण मानलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. माझ्या नात्यातली एक तरुण सून मला म्हणाली, "मावशी, आपण चोरी थोडीच करतो? रोख पैसे मोजून घेतो ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्या आचार्यांनी शेकडो वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. स्वाध्यायात आपण ते पाठ करतो आणि पुढे जातो. त्यांतले तीन असे आहेत की जणू आजचा अँटिक बाजार समोर ठेवूनच सांगितले असावेत.

पहिला, तदाहृतादान. म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणं. आपण चोरी केली नाही, पैसे दिले, तरी व्रताला डाग लागतो. ही भांडी बहुतेक कबरींमधून किंवा जमिनीत पुरलेल्या ठेव्यांमधून निघालेली आहेत. कबर कुणी खणली, कुणाच्या परवानगीने, हे विचारल्यावर दुकानदार "जुन्या युरोपियन कलेक्शनमधलं आहे" एवढंच म्हणत असेल, तर ते उत्तर झालं नाही. चोरी फक्त वस्तूची होत नाही. फू हाओचंच पाहा. तिच्या कबरीला चोरांचा हात लागला नव्हता. झेंग झेनशियांग या बाईंच्या देखरेखीखाली तिचं उत्खनन झालं आणि ४६८ ब्राँझच्या वस्तू, ७५५ जेडच्या वस्तू आणि हजारो कवड्या बाहेर आल्या. नुसत्या ब्राँझचं वजन सुमारे १,६०० किलो भरलं. अनेक भांड्यांवर तिचं नाव होतं. हाडांवर कोरलेल्या जुन्या शकुनलेखांमध्येही ते नाव होतं, आणि त्यांवरून ही राणी सैन्य घेऊन लढाईला जात होती हे कळलं. चोरांनी ती कबर आधी फोडली असती तर हीच भांडी आज दहा देशांच्या शोकेसमध्ये असती. दिसायला तितकीच सुंदर. पण ही सगळी एका बाईची, आणि ती बाई सेनापती होती, हे एवढं स्पष्टपणे कुणाला उमगलं असतं?

लुटीचं दुसरं मोठं उदाहरण १८६० सालचं. ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने बीजिंगजवळचा युआनमिंगयुआन हा राजवाडा लुटला आणि मग ब्रिटिशांनी तो जाळला. तिथे कारंज्याच्या घड्याळाला बारा प्राण्यांची ब्राँझची मुंडकी होती. ती जगभर पांगली. २००९ साली त्यांतली उंदीर आणि सशाची मुंडकी पॅरिसमध्ये लिलावाला आली, तेव्हा एका चिनी माणसाने सर्वांत मोठी बोली लावली आणि मग पैसे द्यायला नकार दिला. लुटलेल्या मालाचे पैसे कसले, असा त्याचा पवित्रा होता. ती दोन्ही मुंडकी २०१३ साली चीनला परत मिळाली. त्याच लुटीतलं झोऊ काळाचं, झाकणावर वाघ असलेलं एक पात्र इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या घरात पडून होतं. २०१८ साली ते ४,१०,००० पौंडांना विकलं गेलं आणि ज्याने घेतलं त्याने ते त्याच वर्षी चीनला परत दिलं. विचार करा, दीडशेहून जास्त वर्षं झाली, पिढ्या बदलल्या, तरी वस्तूवरचा लुटीचा शिक्का पुसला गेला नाही.

दुसरा अतिचार, विरुद्धराज्यातिक्रम. राज्याच्या नियमांना बगल देऊन मालाची ने-आण करणं. चीनमध्ये सांस्कृतिक वस्तूंच्या रक्षणाचा कायदा १९८२ सालचा आहे. २००७ पासूनच्या नियमांनुसार १९११ पूर्वीच्या मोलाच्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. अशा चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा १९७० चा करारही आहे. भारत त्यात १९७७ साली आला, चीन १९८९ साली. म्हणजे कुणी म्हणत असेल की "आत्ताच गावाकडच्या शेतात सापडलंय, ताजा माल आहे", तर तो स्वतःच्या तोंडाने तस्करीची कबुली देतो आहे. जे अनेक दशकांपूर्वी रीतसर बाहेर गेलं आणि ज्याचा मालकीचा सगळा इतिहास लिहिलेला आहे, त्याचा व्यापार उघडपणे चालतो. पण तसं भांडं आपल्या-तुपल्या आवाक्यातलं नसतं. २०१७ साली न्यूयॉर्कमध्ये जपानच्या फुजिता संग्रहालयातलं मेंढ्याच्या शिरांचं एक चौकोनी पात्र ३ कोटी ७२ लाख डॉलरला गेलं. कागद असलेल्या मालाचा भाव हा असा असतो. मग पन्नास हजारांत "तीन हजार वर्षांपूर्वीचं" मिळतं ते काय असतं?

त्याचं उत्तर तिसऱ्या अतिचारात आहे, प्रतिरूपक व्यवहार. खऱ्यात खोटं मिसळणं, नकली माल असली म्हणून खपवणं. चिनी ब्राँझच्या नकला आजकालच्या नाहीत. हजार वर्षांपूर्वी सोंग राजवटीत जुन्या भांड्यांची विद्वानांना गोडी लागली. ल्यु दालिन यांचा सचित्र ग्रंथ १०९२ सालचा आहे, आणि सम्राट ह्वीझोंगच्या दरबारानेही अशीच मोठी सूची केली. सूचीतली चित्रं पाहून मग तशीच नवी भांडी घडू लागली. काही श्रद्धेने घडवलेली होती, काही फसवणुकीसाठी. मिंग काळातल्या श्वान्द सम्राटाच्या (१४२६-१४३५) नावाच्या धूपदाण्या तर प्रसिद्धच आहेत. ज्यांच्या तळावर तो शिक्का आहे त्यांतल्या बहुतेक नंतरच्या काळातल्या आहेत. म्हणून तळावरच्या शिक्क्यावर जाऊ नका. हिरव्या रंगावरही जाऊ नका. खरा गंज शतकानुशतकं थराथराने चढतो, त्यात हिरवा, निळा, तांबूस असे थर धातूत मुरलेले असतात. पण आम्ल लावून, मातीत पुरून थोड्या दिवसांत हिरवा रंग आणता येतो, हे कुठल्याही तांबटाला विचारा. वाईट एवढ्यावर थांबत नाही. नकली वस्तू असली समजून घेतली आणि उद्या भावकीतल्या कुणाला त्याच किमतीला दिली, की प्रतिरूपक व्यवहार आपल्याच हातून झाला.

मूर्तींविषयी वेगळं बोलायला हवं. मिंग सम्राट योंगलच्या काळातल्या (१४०३-१४२४) सोनेरी बुद्धमूर्ती फार देखण्या आहेत. त्यांतली एक २०१३ साली हाँगकाँगमध्ये २३ कोटी ६० लाख हाँगकाँग डॉलरहून अधिक किमतीला गेली. या परंपरेत मूर्तीच्या पोकळ अंगात मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या, धान्य, पवित्र वस्तू भरून तळाला पत्रा बसवतात. ती त्यांची प्रतिष्ठा. बाजारातल्या अनेक मूर्तींचा तळ उचकटलेला आणि पोट रिकामं असतं. कुणीतरी आत काही मौल्यवान आहे का ते पाहिलं. आपली प्रतिष्ठा झालेली जिनमूर्ती कुणी अशी उचलून परदेशात बारच्या टेबलाशेजारी ठेवली तर आपल्याला काय वाटेल? बडोद्याजवळ अकोटा इथे १९५१ च्या सुमारास आपल्या प्राचीन धातुमूर्तींचा ठेवा सापडला. तो संग्रहालयात राहिला म्हणून आज आपण दर्शन घेऊ शकतो, अभ्यास करू शकतो. जे आपल्या मूर्तीसाठी हवं ते दुसऱ्याच्या मूर्तीसाठीही हवं. बुद्धमूर्ती "पॉझिटिव्ह एनर्जी" म्हणून चपलांच्या कपाटावर ठेवणं हा अविनयच आहे.

आता परिग्रहाविषयी. इथे मी चीनमधल्याच एका बाईची गोष्ट सांगणार आहे. तिचं नाव ली चिंगझाओ. जन्म १०८४ चा. चीनच्या मोठ्या कवयित्रींमध्ये तिची गणना होते. तिचा नवरा झाओ मिंगचंग. दोघांनाही जुन्या ब्राँझवरच्या आणि दगडांवरच्या लेखांचं वेड. लग्नानंतरच्या दिवसांत पैसे नसत, तर तो कपडे गहाण टाकून बाजारातून लेखांचे ठसे आणि थोडी फळं घेऊन येई. मग दोघं बसून ते वाचत. चहा कुणी आधी प्यायचा ते ठरवायला अमुक गोष्ट कोणत्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते ओळखायची पैज लावत. संग्रहासाठी तिने जेवणातला, कपड्यातला, दागिन्यातला खर्च कमी केला. पण संग्रह वाढला तसा तो कुलपात गेला. पुस्तक हवं असेल तर किल्ली मागायची, नोंद करायची, डाग पडला तर बोलणी खायची. तिने स्वतःच लिहिलंय की पूर्वीचा मोकळेपणा गेला.

११२७ साली उत्तरेकडून आक्रमण झालं. पंधरा गाड्या पुस्तकं घेऊन ती मंडळी दक्षिणेला निघाली. मागे राहिलेल्या दहाएक खोल्या भरून वस्तू जळून गेल्या. ११२९ साली नवऱ्याचा निरोप घेताना तिने विचारलं, शहरावर संकट आलं तर काय करू? तो म्हणाला, आधी सामान टाक, मग कपडे, मग पुस्तकं, मग चित्रं, मग जुनी भांडी. पण पूजेची पात्रं मात्र टाकू नकोस, ती उराशी धर, जगलीस तर त्यांच्यासह, मेलीस तर त्यांच्यासह. त्याच वर्षी तो वारला. ती एकटी विधवा बाई लढाईच्या धामधुमीत गावोगाव ती ओझी वाहत राहिली. काही सैनिकांनी लुटलं, शेवटच्या काही पेट्या भिंतीला भोक पाडून चोरांनी नेल्या. पुढे तिने नवऱ्याच्या ग्रंथाला उपसंहार लिहिला आणि शेवटी अशा अर्थाचं म्हटलं, की असणं आणि नसणं, जमणं आणि पांगणं हा वस्तूंचा धर्मच आहे.

मैत्रिणींनो, आपल्या बारा भावनांमधली अनित्य भावना ती दुसऱ्या वाटेने शिकली. नवऱ्याने निरोप घेताना बायकोच्या जिवापेक्षा भांड्याची काळजी करावी, याला आपल्या शास्त्रात नेमका शब्द आहे, मूर्च्छा. आपले आचार्य परिग्रह वस्तूच्या संख्येत मोजत नाहीत, तिच्याविषयीच्या आसक्तीत मोजतात, ते याचसाठी. आणि ती दोघं तर जाणकार होती, प्रत्येक अक्षर वाचू शकत होती. आपण वाचताही न येणाऱ्या वस्तूसाठी लॉकर आणि विमा घेणार?

यावर एक बाजू अशी मांडली जाते की संग्राहक नसते तर या वस्तू वितळून गेल्या असत्या. त्यात तथ्य आहे. ली चिंगझाओ आणि तिच्या नवऱ्यामुळेच कितीतरी लेखांची नोंद राहिली. हुनान प्रांतात सापडलेल्या मिन फांगलेई या मोठ्या मद्यपात्राचं धड परदेशात गेलं आणि झाकण चीनमध्ये राहिलं. जवळजवळ शतकभर दोन्हींची ताटातूट होती. २०१४ साली धड पुन्हा लिलावात येणार होतं, तेव्हा हुनानच्या लोकांनी पैसा उभा केला, लिलाव टळला आणि झाकण-धड एकत्र आलं. असा संग्राहक जो वस्तू परत तिच्या जागी पोचवतो, त्याला मी दानीच म्हणेन. पण जपणं ही फक्त श्रीमंतांची मक्तेदारी नाही. आन्यांगजवळच्या वूग्वान गावात १९३९ साली शेतात ८३२ किलोंचं डिंग सापडलं, आजवरचं सर्वांत जड. एका राजाने आपल्या आईसाठी ते करवलं होतं, असं त्यातल्या अक्षरांवरून मानतात. जपानी सैन्याच्या हाती लागू नये म्हणून गावकऱ्यांनी ते पुन्हा जमिनीत पुरलं आणि युद्ध संपल्यावर १९४६ साली बाहेर काढलं. आज ते बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, कुणीही पाहावं.

मग आपण काय करायचं? मुलं परदेशातून काही आणणार असतील तर त्यांना चार प्रश्न विचारायला सांगा. वस्तू कुठे सापडली? आपल्या आधी कुणाकुणाकडे होती? बाहेर कधी आणि कोणत्या कागदावर आली? हे सगळं पावतीवर लिहून द्याल का? चौथ्या प्रश्नाला विक्रेता घुटमळला तर हात जोडून निघून यायचं. आपल्या देशातही १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या बाहेर पाठवता येत नाहीत. तेव्हा जुन्या घरातल्या मूर्तीही कुणाला परस्पर देऊ नका.

घरात असं भांडं आधीच आलं असेल तर त्याला चिंच, लिंबू, पितांबरी लावू नका. त्यावरचा थर हाच त्याचा इतिहास आहे. पावसाळ्यात फिकट हिरवी पूड सुटू लागली तर तो धातूचा रोग असतो, दमटपणाने वाढतो. कोरडं ठेवा आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. त्यात पाणी किंवा प्रसाद ठेवू नका, धातूत शिसं असतं. आणि वस्तू खरंच जुनी निघाली तर ती संग्रहालयाला द्यायचा विचार करा. तेही दानच आहे.

पाहण्याची हौस असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांना घेऊन जा. टाटा कुटुंबाने दिलेल्या संग्रहातल्या चिनी वस्तू तिथे आहेत, आणि श्रवणबेळगोळची बाहुबलींची प्राचीन धातुमूर्तीही त्याच संग्रहालयाची. वेली अंगावर चढल्या तरी अविचल, जवळ काहीच नाही. तिच्यासमोर पाच मिनिटं उभं राहा, आणि मग ठरवा की शोकेसमध्ये आणखी काय हवं आहे.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर सांगा. जय जिनेंद्र.